तालुक्याच्या गावात घरफोड्या वाढल्यात, पोलिसांकडे नेमकं काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे, की बायपासच्या पलीकडे नवीन प्लॉटिंगमधे तुमची वसाहत, दोन महिन्यांत चार बंद घरं फुटली, एका घरवाल्याने "कशाला झंझट" म्हणून तक्रारच दिली नाही, तुम्ही स्वतः ठाण्यात गेलात तर "अर्ज देऊन जा" म्हणाले, आणि आता वसाहतीतली पोरं रात्री काठ्या घेऊन फिरतायत, तर करायचं काय. मी ग्रामीण पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि पीएसआय होऊन रिटायर झालो, मधली बरीच वर्षं तालुक्याच्याच ठाण्यांत गेली, कधी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, कधी बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागावर, कधी तपासावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो, काही ठिकाणी आमच्याच लोकांच्या विरोधात जाईल, त्याला इलाज नाही.

आधी ठाण्याची ताकद किती ते बघा. बाहेरच्याला वाटतं पन्नास माणसं आहेत, जीप आहे, मग हे लोक करतात काय. पण मंजूर आकडा वेगळा आणि हजर आकडा वेगळा, आणि हजर असलेल्यांतून एक कोर्टात, दोघं समन्स-वॉरंट बजावायला, कोणी आरोपी घेऊन मेडिकलला, एक जण सीसीटीएनएसच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या, कॉम्प्युटरला चिकटलेला, मुद्देमाल कारकून वेगळा, गोपनीय माहिती काढणारा वेगळा, चार जण जिल्ह्याला बंदोबस्ताला, शिवाय कोणाची साप्ताहिक सुट्टी कोणाची रजा. माझ्या शेवटच्या ठाण्यात ऐन गणपतीत एका रात्री अकराला मोजलं तर ठाणे अंमलदार, वायरलेसवर एक, लॉकअपला गार्ड, ड्रायव्हर आणि गस्तीला दोघं, एवढीच माणसं होती आणि हद्दीत गावं साठच्या वर. म्हणजे तुमच्या वसाहतीत गाडी रात्रीतून एकदा येणार, फार तर दोनदा, आणि हे चोराला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. गाडीचा लाइट लांबून दिसतो, तो दिसला की उसात किंवा अर्धवट बांधकामात बसायचं, गाडी गेली की पुढचे दोन-तीन तास मोकळे.

त्यामुळं वीस जणांनी "गस्त वाढवा" असं निवेदन देऊन साहेबांबरोबर फोटो काढला तर चार दिवस गाडी जास्त फिरते, पाचव्या दिवशी कुठं तरी बंदोबस्त लागतो आणि विषय संपला. त्याऐवजी तीन नंबरच्या गल्लीच्या टोकाला पडीक शेड आहे, तिथं रात्री दीडच्या पुढं बिननंबरची मोटरसायकल दोनदा दिसली, हे एवढं एक वाक्य बीट अंमलदाराला सांगितलं तर तो गाडी तिथंच अंधारात लावून बसू शकतो. अपुरी माणसं असलेल्या ठाण्याला नेमकी माहिती हेच हत्यार, आणि आमच्याकडे ती कायम दुसऱ्या दिवशी यायची, तीही अर्धी.

याचं उदाहरण अजून डोक्यातून जात नाही. एका शिक्षकांचं घर फुटलं, साडेनऊ तोळे गेले. सकाळी आम्ही पंचनाम्याला गेलो तर समोरच्या घरातले आजोबा म्हणाले, रात्री पावणेतीनला लघवीला उठलो तेव्हा तीन पोरं पाठीला सॅक लावून कुंपणाजवळ उभी होती, एकानं चप्पल हातात घेतली होती. चप्पल हातात! मी म्हटलं आजोबा फोन का नाही केलात, तर म्हणाले उगाच कोणाच्या पोरांना चोर कसं म्हणायचं, पाहुणे असतील तर? त्या वेळी आमची गाडी तिथून दोन किलोमीटरवर पेट्रोल पंपापाशी उभी होती, मीच होतो गाडीत. पाहुणे असते तर आम्ही नाव विचारून सोडून दिलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. संशयाचा फोन चुकीचा निघाला म्हणून कोणी तुमच्यावर केस करत नाही, मुद्दाम खोटी खबर दिली तर गोष्ट वेगळी.

फोन कुठं करायचा, तर ११२ वर करा, आणि यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ११२ चा फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही, तो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या कंट्रोलला लागतो, तिथला माणूस ती तक्रार जिल्ह्याला टाकतो आणि मग ती ठाण्याच्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे त्या टॅबसारख्या डब्यावर येते. आता तिथं बसलेल्या पोरीला "अहो पाण्याच्या टाकीजवळ या लवकर" म्हणून काय कळणार, अशा टाक्या राज्यात हजारो. जिल्हा, तालुका, गाव, वसाहतीचं नाव, जवळची खूण या क्रमानं बोला, मग काय दिसतंय, माणसं किती, गाडी कोणती, कुठल्या दिशेला गेली. हे सगळं कागदावर लिहून घरात फोनच्या चार्जरपाशी चिकटवून ठेवा, कारण घाबरल्यावर माणसाला स्वतःचा प्लॉट नंबर आठवत नाही, मी बघितलंय. ठाण्याच्या लँडलाइनवर किंवा ओळखीच्या हवालदाराच्या मोबाईलवर फोन केलात तरी चालेल, कधी कधी तो लवकर पोचतोही, पण त्याची नोंद राहीलच असं नाही. ११२ ची राहते, कोणत्या वेळी कॉल आला, गाडी किती वाजता पोचली, नंतर काय केलं, सगळं वरच्याला दिसतं. म्हणून आधी ११२ आणि मग ओळखीचा.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येतो, "अर्ज देऊन जा". हे आमच्या खात्याचं जुनं दुखणं. अर्ज घेतला की चौकशीवर ठेवता येतो, गुन्हा दाखल केला की महिन्याच्या क्राइम मीटिंगमधे साहेबांना उत्तर द्यावं लागतं, घरफोड्या का वाढल्या, उघड किती झाल्या. मग अंमलदार गोड बोलून अर्जावर भागवतो. कायदा मात्र सरळ आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्याची, खबर आली की एफआयआर घ्यायलाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मधे ललिता कुमारी केसमधे हे स्पष्ट सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३ मधे हे सगळं आहे. त्यातच एक तरतूद अशी आहे की तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि "आधी चौकशी करू" म्हणणारे तिचाच आधार सांगतात. पण चोरीच्या उद्देशानं केलेल्या रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळं ती सबब घरफोडीला लागत नाही. आमच्या तोंडात अजून जुन्या आयपीसीतलं ४५७-३८० च आहे, नव्या न्याय संहितेत ते ३३१ आणि ३०५ झालं, तुम्ही कलम पाठ करू नका, "घरफोडीचा एफआयआर द्यायचाय" एवढं म्हणा, पुरे.

एफआयआर लिहून झाला की सही करायच्या आधी स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा, आणि कॉपी मागा, ती फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसेसुद्धा नाहीत. हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर आहे, घटना कुठंही घडली असली तरी कुठल्याही ठाण्यात खबर घ्यावी लागते आणि ते पुढं पाठवतात. घरी म्हातारं माणूस एकटं असेल, यायला जमत नसेल, तर मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते, नाही तर ती रेकॉर्डवर येत नाही. तरीही नाहीच घेतलं, तर आरडाओरडा करू नका, त्याने "सरकारी कामात अडथळा" म्हणायला जागा मिळते. आधी ठाण्याचे प्रमुख पीआय साहेबांना भेटा, खरं सांगतो, दहातली सात प्रकरणं इथंच मिटतात कारण साहेबांना कित्येकदा माहीतच नसतं की टेबलावरून माणूस परत पाठवलाय. तिथं नाही झालं तर लेखी तक्रार स्पीड पोस्टाने एसपींना, पोच जपून ठेवायची. त्यानंतरही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, त्यासाठी वकील लागेल. आणि एकदा गुन्हा दाखल झाला की ९० दिवसांच्या आत तपासात काय झालं ते फिर्यादीला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे, हे नव्या कायद्यात लेखी आलंय, तेव्हा तीन महिन्यांनी जाऊन विचारायला अजिबात लाजू नका.

एफआयआरसोबत "एनसी" हा शब्दही कानावर येईल, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की वगैरे त्यात जाते. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरीही आता अदखलपात्र धरली जाते, म्हणून वस्तूची किंमत अंदाजे टाकू नका, बिल बघून टाका. घरातून झालेली चोरी त्यात येत नाही, ते कलमच वेगळं.

इथं माझी एक चूक सांगून टाकतो. आठवडी बाजारातून एक बाई आल्या, शेतमजुरी करणाऱ्या, म्हणाल्या गर्दीत मोबाईल काढून घेतला. मी सवयीनं "गहाळ" लिहिलं. तेव्हा सगळीकडे हेच चालायचं, चोरी लिहिली की गुन्हा वाढतो, गहाळ लिहिलं की नुसता दाखला देऊन मोकळं. पिशवीची चेन ब्लेडनं कापलेली होती, त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवून दाखवली होती, तरी मी गहाळच लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, त्याच सिमवरून खात्यातले अठरा हजार गेले होते. गहाळ लिहिल्यामुळं तपासाला कोणी हात लावला नव्हता, आणि सिम बंद करायला लागतं हे मीही त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणून "गहाळ" आणि "चोरी" हा शब्द तुम्ही स्वतः बघा, काढून घेतला असेल तर चोरीच लिहायला लावा. आणि ठाण्यात यायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम ब्लॉक करा, बँकेला सांगून यूपीआय बंद करा, तक्रारीची कॉपी मिळाली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉकला टाका. आयएमईआय नंबर *#०६# दाबलं की स्क्रीनवर येतो, पण तो फोन हातात असताना लिहून ठेवायचा असतो, आत्ताच ठेवा. ब्लॉकला टाकलेल्या फोनमधे कोणी नवीन सिम घातलं की माग लागतो, बरेच फोन असे परत मिळालेत.

आता तक्रार न दिलेले तुमचे शेजारी. त्यांना हे सांगा, की चोर कधी ना कधी सापडतो, एलसीबीवाले, म्हणजे जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा, उचलतात, मग तो दहा-बारा घरं कबूल करतो आणि सोनारापर्यंत पोचून माल निघतो. त्यातलं ज्याच्या नावानं गुन्हा आहे त्याचाच माल कोर्टातून परत मिळतो, ज्यानं तक्रारच दिली नाही त्याचा दागिना कोणाचा म्हणून लिहायचा? शिवाय बहुतेक वेळा दागिना दागिना राहिलेलाच नसतो, वितळवून लगड केलेली असते. मग ओळखायचं कशावरून, तर वजनावरून आणि पावतीवरून. म्हणून दागिन्यांचा एकेक फोटो काढून ठेवा, सराफाची पावती नसेल तर लग्नातला अंगावरचा फोटोसुद्धा चालतो, वजन ग्रॅममधे लिहून ठेवा. फिर्यादीत दोन तोळ्याचे चार तोळे सांगणारे लोकही असतात, तसं करू नका, कोर्टात उलटतपासणीत तोंडावर पडतं आणि खरा गेलेला माल परत मिळायलाही त्रास होतो.

घर फुटलेलं दिसलं की आत जाऊ नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. आम्ही पोचेपर्यंत घरच्या बायकांनी सगळं आवरलेलं, कपाट पुसलेलं, आणि शेजारचे पंधरा लोक चपला घालून आत, असं घर मी शंभरदा बघितलं असेल. त्यावर ठशांचा माणूस काय करणार आणि श्वानपथक कशाचा वास घेणार. दार ओढून घ्या, बाहेर खुर्ची टाकून बसा. चोरानं आत पाणी पिऊन ठेवलेला तांब्या, फ्रिजचं हँडल, खाली पडलेली कटावणी, कपाटातून काढून फेकलेले रिकामे डबे, ठसे यावरच मिळतात.

आणि सीसीटीव्ही. वसाहतीत कॅमेरे लावलेत म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दहातले चार बंद, दोन आकाशाकडे बघतायत, उरलेल्यांचं तोंड मालकाच्या स्वतःच्या स्कूटरवर. एक तरी कॅमेरा रस्त्यावर येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला पाहिजे, पत्र्याच्या वरून डोकी मोजून उपयोग नाही. पण खरी गोम डीव्हीआरमधे, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात असते. लाइट गेली आली की स्वस्त डीव्हीआरचं घड्याळ मागं पुढं होतं, मी एका केसमधे पूर्ण दोन तास चुकीच्या वेळेचं फुटेज बघत बसलो होतो आणि चोर आलेच नाहीत असं वाटायला लागलं होतं. मोबाईलची वेळ आणि डीव्हीआरची वेळ दर महिन्याला जुळवा. हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून नवीन चढतं, कोणाचं आठ दिवसांत कोणाचं पंधरा, म्हणून घटना कळली त्याच दिवशी फुटेज काढून ठेवायचं. पोलीस फुटेज घेताना मालकाकडून प्रमाणपत्रावर सही घेतात, पूर्वी ते पुरावा कायद्याचं ६५ ब होतं आता साक्ष अधिनियमाचं ६३, ते बघून लोक घाबरतात आणि कॅमेरा बंद होता म्हणून सांगतात. त्या सहीनं तुम्ही आरोपी होत नाही. कोर्टात एखाद दिवशी जावं लागेल, तेवढं खरं.

कुलपाबद्दल लोक फार विचारतात. पेपरमधे कायम "कडीकोयंडा तोडून" असं छापून येतं ना, त्याचं कारण हेच की कुलूप हजाराचं आणि कोयंडा वीस रुपयांचा, स्क्रूवर बसवलेला, कटावणीच्या एका हिसक्यात येतो. बाहेरून लोंबणारं कुलूप तर घर बंद आहे याची पाटीच. दारातच बसवलेलं लॅच किंवा आतलं लॉक घ्या, कोयंडा ठेवायचाच तर आरपार बोल्टाचा. अजून एक, घरफोडी करणारे आधी शेजारच्या घरांच्या बाहेरच्या कड्या लावून घेतात, म्हणजे आवाज आला तरी तुम्ही आत अडकलेले. दाराला बाहेरून कडीची गरज नसेल तर काढून टाका, आणि कधी रात्री दार उघडत नाही असं झालं तर धडका मारत बसू नका, तो इशारा समजून लगेच ११२. बाहेरगावी जाताना ठाण्यात कळवा असं आम्हीच बोर्डावर लिहितो, कळवाही, पण त्यावर विसंबू नका, तुमचं घर गस्तीच्या वहीतली एक ओळ होईल एवढंच. त्यापेक्षा शेजाऱ्याला किल्ली द्या, संध्याकाळी लाइट लावायला सांगा, दारात पेपर साठू देऊ नका. आणि ते "फॅमिली ट्रिप" चं स्टेटस परत आल्यावर टाका.

दिवसाढवळ्याचे प्रकार वेगळे, आणि त्यात बहुतेक वेळा म्हातारी माणसं सापडतात. दोघं टापटीप, कटिंग बारीक, पायात ब्राऊन बूट, मोटरसायकलवर येतात, आजीला थांबवतात, "आम्ही पोलीस आहोत, पुढं काल मर्डर झालाय, एवढं सोनं घालून कुठं निघालात, काढा आणि पिशवीत ठेवा". तेवढ्यात तिसरा येतो, त्यालाही दरडावतात, तो मुकाट्यानं चेन काढून कागदात बांधून देतो, तो त्यांचाच माणूस. मग आजी पण काढते, ते स्वतः पुडी बांधून तिच्या पिशवीत घालतात, घरी जाऊन उघडलं की खडे. घरातल्या म्हाताऱ्यांना एवढं एकच पाठ करून घ्या, की पोलीस रस्त्यात कोणालाही दागिने काढायला सांगत नाहीत आणि पुडी तर कधीच बांधून देत नाहीत. तसंच दागिने पॉलिश करून देणारे, बँकेतून निघाल्यावर "काका, तुमचे पैसे पडले" म्हणणारे, स्कूटरच्या डिकीतली रोकड उडवणारे. एसटीत चढताना दारात गर्दी होते तिथं पर्स आणि गळा जातो, चढताना एक हात दांड्याला आणि एक गळ्यापाशी.

ऑनलाइन फसवणुकीवर वेगळं लिहावं लागेल, इथं दोनच गोष्टी. "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला की कॉल कट करा. आणि पैसे गेले तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, ठाण्यात नंतर, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे मिनिटांत पळतात आणि १९३० वर वेळेत कळलं तर मधल्या खात्यात गोठवता येतात. लाजेपोटी दोन दिवस घरात गप्प बसलेले रिटायर्ड अधिकारी मी बघितलेत.

भाडेकरूंची माहिती ठाण्याला द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर ऑनलाइनही होतं. पासपोर्टची पडताळणी, चारित्र्य दाखला यासाठी सरकारी फी सोडून कोणी काही मागितलं तर देऊ नका, लाचलुचपतचा नंबर १०६४ आहे. हे लिहिल्याबद्दल जुने सहकारी मला शिव्या घालतील, घालू देत.

शेवटी तुमची काठीवाली पोरं. उत्साह चांगला आहे पण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात, नगरकडे, पुणे ग्रामीणमधे रात्री ड्रोन फिरतायत, चोर टेहळणी करतायत अशी हवा उठली होती, गावंच्या गावं जागी राहायची, अनोळखी गाडी दिसली की अडवायची. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते विसरू नका, मुलं पळवणारी टोळी आली अशा व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते पोट भरायला भिक्षा मागत फिरणारे मंगळवेढ्याकडचे लोक होते. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिथंही चोरांच्या अफवेनंच सुरुवात. अशा जमावात मागं उभं राहून व्हिडिओ काढणारा पण आरोपी होऊ शकतो, ही पोरं काही दरोडेखोर नसतात, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरातलीच असतात, पुढं आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या.

तर पोरांना नुसतं घरी बसवू नका, ते ऐकणारही नाहीत, ठाण्यात घेऊन जा. पीआय साहेबांना सांगून ग्रामसुरक्षा दल करून घ्या, नावांची यादी ठाण्यात द्या, त्यातून दारू पिणारे दोघं-तिघं आधीच गाळा. रोज रात्री सगळी फिरली तर आठ दिवसांत थकतात, म्हणून चार-चारची पाळी, एक ते चार ही वेळ महत्त्वाची, बाकी झोपू द्या. हातात टॉर्च आणि शिट्टी, काठी ठेवलीच तर कुत्र्यासाठी. कोणी सापडला तर त्याला गराडा घालून बसवायचं, हात लावायचा नाही, लगेच ११२. जामीन नसलेला दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, कायद्यात आहे, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, आणि तो जिवंत, धड पाहिजे. आजूबाजूच्या गावांत पोलीस पाटील असतात, त्यांचे नंबर यादीत घ्या, उसातून पळालेला चोर पहाटे त्यांच्याच शिवारात निघतो.

येत्या रविवारी वसाहतीत मीटिंग लावा आणि बीट अंमलदाराला बोलवा, त्याचं नाव ठाण्यात विचारलं की सांगतात, साहेबांना बोलवत बसू नका, ते आले तर भाषण होईल. त्याला चहा देऊन गल्ल्या पायी फिरवा, बंद दिवे, पडीक शेड, कुंपण तुटलेली जागा दाखवा. चारही घरफोड्यांच्या तारखा, वार, अंदाजे वेळ आणि चोर कुठून आत आला असावा हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. चारपैकी तीन बाजाराच्या दिवशी झाल्या असतील तर ते तुम्हालाच आधी दिसेल, कारण आमच्याकडे त्यातल्या एका घराची नोंदच नाही.